घामाला दाम, दामाला घाम
सरोजिनी नगरातील फुटबॉलप्रेमींचा जाहीरनामा

आम्ही कोण

आम्ही दिल्लीच्या सरोजिनी नगरात राहणारी, राहून गेलेली आणि आसपासच्या वसाहतींत पांगलेली मराठी माणसे. कुणी कोल्हापूरचे, कुणी नागपूरचे, कुणी परळच्या चाळीतले, कुणी बेळगावचे. बहुतेकांच्या घरात कुणी ना कुणी केंद्र सरकारच्या नोकरीत आहे किंवा होते. बदलीचा आदेश आला, क्वार्टर मिळाले, मुले इथल्याच शाळांत वाढली. क्वार्टरांच्या दोन रांगांमध्ये जी मोकळी जागा असायची, तिथे दोन्ही बाजूंना दोन-दोन विटा ठेवून ती फुटबॉल खेळली.

आमच्यातले काही मूळचे कोल्हापूरचे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ ही तिथल्या फुटबॉल संघांची नावे त्यांच्या कानांवर अंगाईबरोबर पडलेली. तालमीचा सामना म्हटला की शाहू स्टेडियमवर पाय ठेवायला जागा मिळत नाही, हे त्यांनी पाहिले आहे. दिल्लीत आल्यावर हीच माणसे आंबेडकर स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसू लागली. ड्युरंड पाहिला, सुब्रतो कप पाहिला, स्थानिक लीगचे रिकाम्या गॅलरीतले सामनेही पाहिले.

आम्ही खेळाडू नाही, क्लबांचे मालक नाही, महासंघाचे पदाधिकारी नाही. तिकीट काढून सामना पाहणारे लोक आहोत. आज आम्ही एक चळवळ सुरू करीत आहोत. तिचे म्हणणे असे: फुटबॉल खेळणे हे काम आहे. ते करणाऱ्याने जीव ओतून करावे, आणि त्याचे दाम त्याला ठरल्या दिवशी, पूर्ण, न मागता मिळावे. यातले एक मागून दुसरे विसरणाऱ्याच्या मागे आम्ही जाणार नाही, मग तो मालक असो, खेळाडू असो की प्रेक्षक.

आत्ताच का

२०२५ चे वर्ष भारतीय फुटबॉलच्या अंगावर ओरखडा काढून गेले. भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये आपले व्यापारी हक्क १५ वर्षांसाठी ७०० कोटी रुपयांना दिले होते. तो करार ८ डिसेंबर २०२५ ला संपणार हे पंधरा वर्षे सर्वांना ठाऊक होते. तरीही पुढची सोय झाली नाही. ११ जुलैला इंडियन सुपर लीगचा हंगाम स्थगित झाला. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने पहिल्या संघातील खेळाडू व कर्मचाऱ्यांचे पगार बेमुदत थांबवले. चेन्नईयनने कामकाज थांबवले, ओडिशाने करार स्थगित केले. पुढे नव्या हक्कांची निविदा निघाली, तिला नोव्हेंबरच्या मुदतीत एकही बोली आली नाही. जानेवारी २०२६ च्या सुरुवातीला देशाचे नामवंत खेळाडू एकत्र येऊन थेट फिफाला साद घालू लागले. अखेर फेब्रुवारीत लीग सुरू झाली ती आखडून: १४ क्लब, प्रत्येकाशी एकेकच सामना, सगळे मिळून ९१.

त्याच काळात राष्ट्रीय संघ मैदानावर गळपटला होता. १४ ऑक्टोबरला मडगावात सिंगापूरकडून हरलो आणि आशियाई चषकाची वाट बंद झाली. १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशने १–० ने हरवले. २०१७ मध्ये जागतिक क्रमवारीत आपण ९६ व्या जागी होतो, २०२५ संपताना १४२ व्या जागी.

या दोन बातम्या शेजारी ठेवल्या की चहाच्या टपरीवर भांडण ठरलेले. एक म्हणतो, कोटी-कोटी घेतात आणि नव्वद मिनिटे पळत नाहीत, यांचे लाड पुरे झाले. दुसरा म्हणतो, पोटाला नाही तर पळणार कशाच्या जोरावर? आम्ही वर्षानुवर्षे हे भांडण ऐकले आणि केलेही. दोघांच्याही बोलण्यात खरे आहे, म्हणूनच ते संपत नाही. ते संपवायचे तर दोन्ही मागण्या एकाच कागदावर लिहाव्या लागतील. तो कागद म्हणजे हा जाहीरनामा.

पगाराबद्दल आम्हाला काय कळते

सरकारी नोकरांच्या वसाहतीत वाढलेल्या माणसाला पगाराचा अर्थ नव्याने शिकवावा लागत नाही. महिना संपताना खात्यात रक्कम जमा होते, पावतीवर मूळ वेतन, महागाई भत्ता, कपात हे सगळे ओळीने लिहिलेले असते. या शिस्तीच्या भरवशावर आम्ही मुलांच्या फिया भरल्या, गावाकडे पैसे पाठवले, घराचे हप्ते फेडले. पगार कमी असला तरी माणूस काटकसरीने निभावून नेतो. पण पगार कधी येईल हेच ठाऊक नसेल, तर घराचा कणाच मोडतो.

या देशात १९३६ च्या वेतन कायद्याने नियम केला की हजारापेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्याने मागच्या महिन्याचे वेतन सात तारखेच्या आत द्यावे. गिरणीतल्या जॉबरला, छापखान्यातल्या जुळाऱ्याला जे कायद्याने मिळाले, ते फुटबॉलच्या मैदानावर घाम गाळणाऱ्याला अजून क्लबाच्या मर्जीवर मिळते.

पूर्वी असे नव्हते. मुंबईत टाटा, मफतलाल, ओर्के मिल्स, एअर इंडिया, रेल्वे, बँका यांचे संघ होते. खेळाडू आधी कंपनीचा नोकर आणि मग खेळाडू. सकाळी सराव, दुपारी हजेरी, संध्याकाळी कूपरेजवर सामना. पैसा थोडा होता, पण गुडघा गेला तरी टेबल-खुर्ची होती, निवृत्तीनंतर पेन्शन होते. १९९६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली, २००७ मध्ये आय-लीग आली, २०१४ मध्ये सुपर लीग. खेळाडूला करार मिळाला, मोठी रक्कम मिळाली. पण खालची जमीन गेली. नोकरीची जागा कराराने घेतली आणि कराराची हमी कुणीच घेतली नाही.

महाराष्ट्राने याची किंमत सर्वाधिक मोजली. महिंद्रा युनायटेड २००५–०६ ला देशाचे विजेते होते, २०१० मध्ये मालकांनी संघ मिटवला. पुणे एफसी २००७ मध्ये उभा राहिला, २०१२–१३ ला आय-लीगमध्ये दुसरा आला आणि २०१५ मध्ये संपला. भारत एफसी एका हंगामापुरता. मुंबई एफसी २०१७ पर्यंत. एफसी पुणे सिटी २०१९ पर्यंत. गोव्यात साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब यांनी २०१६ मध्ये आय-लीगमधून अंग काढून घेतले. यातल्या प्रत्येक नावामागे पंचवीस-तीस खेळाडू, मालिश करणारा, मैदान सांभाळणारा, किट धुणारा अशी माणसे होती. वर्तमानपत्रांनी क्लब बंद झाल्याची बातमी छापली. त्या माणसांचे पुढे काय झाले ते छापायला जागा उरली नाही.

दिल्लीची गोष्टही वेगळी नाही. २०१४ मध्ये दिल्ली डायनामोज आले. देल पिएरो आणि पुढच्या वर्षी रोबेर्तो कार्लोस यांना पाहायला आम्ही मुलांना खांद्यावर घेऊन नेहरू स्टेडियमवर गेलो. २०१९ मध्ये तोच संघ भुवनेश्वरला गेला आणि ओडिशा एफसी झाला. २०२५ मध्ये हैदराबादचा संघ दिल्लीत आला, नाव पडले स्पोर्टिंग क्लब दिल्ली. नवा क्लब आमच्या शहरात आला याचा आनंद आहे. पण तो ज्या संघाचे नाव उतरवून आला त्याचा इतिहास आम्ही विसरणार नाही. हैदराबाद एफसी मार्च २०२२ मध्ये फातोर्ड्यावर लीगचा विजेता झाला. दोन वर्षांच्या आत त्याच क्लबातले खेळाडू थकलेल्या पगारापायी सोडून जात होते आणि फिफाने क्लबावर नव्या खेळाडूंच्या नोंदणीची बंदी घातली होती. चषक उचलणाऱ्या हातांना पगार मिळेना, यापेक्षा अधिक स्पष्ट पुरावा कोणता हवा?

मेहनतीबद्दल आम्हाला काय कळते

आता दुसरी बाजू, तितक्याच स्पष्ट शब्दांत.

प्रेक्षक म्हणून आम्हाला चेंडू दिसतो, माणूस दिसत नाही. चेंडू ज्याच्या पायात तो चांगला खेळला, गोल ज्याने केला तो मोठा. आंबेडकर स्टेडियमवर एखाद्या दुपारी चेंडू सोडून फक्त डाव्या बॅकवर नजर ठेवून बसा. संघ चढाई करतो तेव्हा तो साइडलाइनला लागून पन्नास मीटर धावत वर जातो, हात वर करून पास मागतो. पास दुसरीकडे जातो. चेंडू हिसकावला जातो, तो मान फिरवतो आणि तेच पन्नास मीटर पूर्ण वेगाने परत धावतो, कारण त्याच्यामागे मोकळी जागा पडली आहे. तीन मिनिटांनी पुन्हा वर. पुन्हा पास नाही. सत्तराव्या मिनिटाला त्याचे मोजे घोट्यावर उतरलेले असतात, तो गुडघ्यांवर हात टेकून दोन श्वास घेतो आणि पुन्हा निघतो. सामना संपतो, त्याचे नाव कुणाच्या तोंडी नसते. पण समोरच्या विंगरला अख्ख्या सामन्यात एक क्रॉस टाकता आलेला नसतो. मेहनत म्हणतात ती ही.

आणि मेहनतीचा अभाव काय तोही तितकाच दिसतो. पास चुकला की हात उडवून उभा राहणारा. बदली झाली की प्रशिक्षकाकडे न पाहता थेट ड्रेसिंग रूमकडे जाणारा. सुट्टीतून परतताना वजन वाढवून येणारा आणि मग महिनाभर दुखापतीचे कारण सांगणारा. करार झाल्यावर सुस्तावणारा आणि कराराचे शेवटचे सहा महिने जीव तोडून खेळणारा. हे आम्ही पाहिले आहे, आणि गोड बोलून झाकणार नाही.

मराठी मुलांनी उलट उदाहरणेही दिली आहेत. १७ मार्च २०१९, मुंबई फुटबॉल अरेना, सुपर लीगचा अंतिम सामना, बेंगळुरू विरुद्ध गोवा. नव्वद मिनिटे गोलशून्य, वाढीव वेळही संपत आलेला. ११७ व्या मिनिटाला कॉर्नर मिळाला आणि मुंबईचा राहुल भेके, एक बचावपटू, डोक्याने चेंडू जाळ्यात घालून मोकळा झाला. दोन तास बचाव करून झाल्यावर समोरच्या गोलपर्यंत धावत जायचे बळ ज्याच्या पायांत उरते, त्याच्या पगाराबद्दल कुरकुर करण्याचा हक्क कुणाला आहे? आणि सहा वर्षांनी त्याच बेंगळुरूने पगार थांबवले, तेव्हा भेके पुन्हा त्याच क्लबात होता.

ऑक्टोबर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताचे तिन्ही सामने आमच्या नेहरू स्टेडियमवर झाले. अमेरिका, कोलंबिया, घाना. तिन्ही हरलो. पण कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या संघात होता, जॅक्सन सिंगने कोलंबियाविरुद्ध विश्वचषकातला भारताचा पहिला गोल केला होता, आणि पराभवानंतरही लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. प्रेक्षकाला विजयच हवा असतो हे खरे नाही. त्याला दिसायला हवे असते की पोरांनी काही राखून ठेवले नाही.

एवढे असूनही मोठा पगार आणि घसरता संघ यांची सांगड लोकांना खटकते, आणि त्याचे कारण समजून घेतले पाहिजे. अनेक हंगाम सुपर लीगच्या क्लबाला साऱ्या संघाच्या पगारासाठी साडेसोळा कोटींची मर्यादा होती. चांगले भारतीय खेळाडू मोजके आणि त्यांच्यामागे सारे क्लब, त्यामुळे वरच्या काही जणांचे भाव कोटीच्या पुढे गेले. त्यांच्याशी स्पर्धा करायला मागून कुणी येत नव्हते, कारण मागच्यांना खेळायला सामने नव्हते. स्पर्धा नसली की चांगल्या चांगल्यांची धार बोथट होते. दोष वृत्तीचा आहेच, पण त्या वृत्तीला खतपाणी घालणारी व्यवस्थाही आहे. वरच्या थरात भाव, खालच्या थरात उधारी, मधला थरच नाही. महिला खेळाडूंसाठी महासंघाने २०२३ मध्ये आघाडीच्या क्लबांतल्या किमान दहा जणींना वर्षाला किमान ३ लाख २० हजारांचा करार द्यावा असे ठरवले. हे पाऊल चांगले, पण किमान रक्कम ठरवायला २०२३ उजाडावे लागले, यातच सगळे आले.

आणि खालच्या थरात उधारी असली की तिथे दुसराच सावकार येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये दिल्लीच्या लीगमधल्या एका सामन्याची चित्रफीत देशभर फिरली. बचावपटू स्वतःच्याच जाळ्यात चेंडू घालताना दिसत होते. चौकशीची मागणी झाली. आमच्या शहराची मान खाली गेली. ज्याला करार नाही, पगार नाही, पुढच्या महिन्याची खात्री नाही, त्याच्या दारात सट्टेबाज सर्वात आधी पोहोचतो. गरिबी हे सामना विकण्याचे समर्थन होऊ शकत नाही. पण जो क्लब खेळाडूला उपाशी ठेवतो, तो सट्टेबाजाला रस्ता मोकळा करून देतो.

जगाने काय केले

इंग्लंडमध्ये १९६१ पर्यंत खेळाडूचा पगार आठवड्याला २० पौंडांवर नियमानेच बांधलेला होता. स्टेडियम भरलेली, तिजोऱ्या भरलेल्या आणि खेळाडू बसने सामन्याला येणारे. खेळाडूंच्या संघटनेने जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली संपाची तयारी केली आणि जानेवारी १९६१ मध्ये ती मर्यादा गेली. डिसेंबर १९९५ मध्ये बेल्जियमच्या बोस्मान या खेळाडूने युरोपच्या न्यायालयात जिंकून दाखवले की करार संपल्यावर खेळाडू क्लबाच्या मालकीचा राहत नाही. दोन्ही वेळा ‘खेळ बुडणार’ अशी ओरड झाली होती. खेळ बुडाला नाही.

हक्काचे कागद आपल्याकडेही आहेत. फिफाच्या नियमानुसार दोन महिन्यांचा पगार थकला, खेळाडूने लेखी नोटीस देऊन किमान १५ दिवसांची मुदत दिली आणि तरी पैसे आले नाहीत, तर करार मोडण्याचा त्याला हक्क आहे. २००६ मध्ये बायचुंग भुतिया यांच्या पुढाकाराने फुटबॉल प्लेअर्स असोसिएशन ऑफ इंडिया ही खेळाडूंची संघटना स्थापन झाली. नियम आहे, संघटना आहे. कमी आहे ती प्रेक्षकांची पाठ. नोटीस देणारा तरुण खेळाडू एकटा पडतो, ‘पैशासाठी भांडणारा’ म्हणून बदनाम होतो आणि पुढच्या हंगामात त्याला कुणी घेत नाही. ही बदनामी आमच्या तोंडून होते, म्हणून ती थांबवण्याची जबाबदारीही आमची.

आमच्या मागण्या

क्लबांकडे :

१. प्रत्येक महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. खेळाडूलाही, किट धुणाऱ्यालाही.

२. हंगाम सुरू होण्याआधी किमान तीन महिन्यांच्या पगाराची बँक हमी लीगकडे जमा करावी. क्लब बुडाला तर पहिला हक्क त्या रकमेवर खेळाडूंचा.

३. लेखी करार, खेळाडूला समजणाऱ्या भाषेत, आणि त्याची प्रत त्याच्या हातात. स्थानिक लीगच्या क्लबांनाही हा नियम.

४. दुखापत झालेल्या खेळाडूला करार संपेपर्यंत पूर्ण पगार आणि उपचाराचा खर्च. प्रत्येक सामन्याला सज्ज रुग्णवाहिका आणि डॉक्टर. ५ डिसेंबर २००४ ला फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात गोव्याच्या धेंपो क्लबाचा क्रिस्तियानो ज्युनिअर मैदानावर कोसळून मरण पावला. त्या दिवसानंतर या मागणीसाठी दुसरे कारण द्यायची गरज उरलेली नाही.

५. मोठ्या करारांचा काही भाग खेळलेल्या मिनिटांशी, तंदुरुस्तीशी आणि संघाच्या कामगिरीशी जोडावा. ही अट करारावर सही करतानाच लिहिलेली असावी. मधेच लादलेली कपात आम्ही मानणार नाही.

महासंघाकडे :

६. दोन महिने पगार थकवणाऱ्या क्लबाचा परवाना त्याच हंगामात तपासावा. सवलतीवर सवलत देणे बंद करावे.

७. पगाराच्या तक्रारींचा निकाल साठ दिवसांत. खेळाडूचे वय वाढत असते, फायलीचे नाही.

८. दुसऱ्या थराच्या आणि महिलांच्या लीगमध्ये किमान वेतन ठरवावे आणि दरवर्षी महागाईप्रमाणे वाढवावे.

९. वर्षाचे वेळापत्रक आधी जाहीर करून पाळावे आणि राखीव संघांची नियमित लीग चालवावी. तरुणाला वर्षाला तीस सामने मिळाले, तर प्रस्थापिताची सुस्ती आपोआप उतरेल.

सरकारकडे :

१०. केंद्राच्या गट ‘क’ पदांच्या थेट भरतीत ५ टक्क्यांपर्यंत जागा खेळाडूंमधून भरता येतात. या जागा रिकाम्या ठेवू नयेत, आणि व्यावसायिक क्लबांतून बाहेर पडलेल्या खेळाडूंसाठी वयाची अट शिथिल करावी.

११. सरोजिनी नगर, नौरोजी नगर, नेताजी नगर या वसाहतींच्या पुनर्विकासात आमची क्वार्टरे गेली. २०१८ मध्ये झाडांसाठी इथल्या लोकांनी रस्त्यावर उतरून लढा दिला आणि उच्च न्यायालयाने तोड थांबवली. तोच हट्ट आम्ही मैदानासाठी धरणार. जिथे हजारो कुटुंबांचे मनोरे उभे राहतात, तिथे पूर्ण मापाचे, सर्वांना खुले, कुंपणाला कुलूप नसलेले एक तरी फुटबॉल मैदान हवे.

खेळाडूंकडे :

१२. वेळेवर या, तंदुरुस्त या, सुट्टीतही शरीर सांभाळा. तुमच्या करारात फक्त सामन्याची नव्वद मिनिटे नसतात.

१३. संघ मागे असताना चालू नका, धावा. हरलात तर आम्ही सहन करू. सोडून दिलेत तर सहन करणार नाही.

१४. राष्ट्रीय जर्सी क्लबाच्या जर्सीइतक्याच, किंबहुना अधिक निष्ठेने घाला.

१५. सामना विकायला कुणी आले तर त्याच दिवशी तक्रार करा. त्या दिवशी तुमच्या मागे आम्ही उभे असू.

१६. तुमच्यातल्या कोटीवाल्यांनी पाच हजारवाल्यासाठी बोलावे. पगार थकलेल्या सहकाऱ्यासाठी नामवंत खेळाडू बोलला की क्लबाला ऐकावेच लागते.

आमची स्वतःची शपथ

मागणाऱ्याने आधी स्वतःच्या घरात पाहावे.

सरोजिनी मार्केटमध्ये शनिवारी संध्याकाळी फेरी मारा. फुटपाथवरच्या ढिगात आणि दोरीवर टांगलेल्या जर्सींत मेस्सी, रोनाल्डो, एम्बापे दिसतील. दोनशे रुपयांपासून भाव सुरू, घासाघीस केली तर त्याहून खाली. आम्ही छेत्री मागितला, गुरप्रीत मागितला, भेके मागितला. विक्रेत्याने मान हलवली. मागणारे नाहीत, म्हणून ठेवत नाही, असे त्याने सरळ सांगितले. खेळाडूला पगार कोण देतो? शेवटी प्रेक्षकच. तिकिटातून, जर्सीतून, टीव्ही पाहण्यातून. आम्ही युरोपच्या क्लबांसाठी रात्र जागवायची आणि आपल्या शहरातला सामना फुकट असूनही चुकवायचा, आणि वर विचारायचे की इथले क्लब का बुडतात, हे यापुढे चालणार नाही.

म्हणून आम्ही शपथ घेतो :

आम्ही महिन्याला निदान एक सामना मैदानावर जाऊन पाहू, मग तो स्थानिक लीगचा असो, मुलींचा असो की शाळेतल्या मुलांचा.

आम्ही खेळाडूला त्याच्या खेळावरून बोलू, चेहऱ्यावरून, जातीवरून, प्रांतावरून कधीच नाही. मणिपूर, मिझोराम, मेघालय यांनी भारतीय फुटबॉलला किती दिले हे या शहराने मान्य करायला हवे. त्यांच्या खेळाडूंना गॅलरीतून हिणवणाऱ्याला आम्ही तिथल्या तिथे थांबवू.

दर महिन्याच्या सात तारखेला, किंवा त्यानंतरच्या पहिल्या सामन्याला, आम्ही गॅलरीत एकच फलक धरू : ‘पगार झाला का?’ क्लब लहान असो की मोठा, आपला असो की परका. उत्तर ‘हो’ असेल तर टाळ्या. ‘नाही’ असेल, किंवा उत्तरच नसेल, तर पुढच्या सामन्याला फलक दुप्पट.

आणि प्रत्येक सामन्याच्या सत्तराव्या मिनिटाला आम्ही उभे राहू. धावणाऱ्याचे पाय जड होतात, डोके बाकाकडे वळते, तेव्हा जो अजून धावतो आहे त्याच्यासाठी. त्याने गोल केला की नाही, संघ जिंकतो आहे की हरतो आहे, हे आम्ही पाहणार नाही. ज्या दिवशी कुणीच धावत नसेल, त्या दिवशी आम्ही बसून राहू, आणि खेळाडूंना त्याचा अर्थ कळेल.

कोण सामील होऊ शकते

जो फुटबॉल पाहतो किंवा खेळतो तो. सदस्यत्वाची वर्गणी नाही, पदे नाहीत, मालकांकडून वा कोणत्याही पक्षाकडून पैसा घेणार नाही. कोल्हापूरच्या तालमींनी, मुंबई-पुण्याच्या मैदानांनी, नागपूरच्या आणि गोव्याच्या क्लबांच्या चाहत्यांनी हाच कागद आपापल्या गावी उचलावा, हवे तर त्यात आपल्या गावच्या मागण्या घालाव्यात. दोन अटी मात्र बदलता येणार नाहीत : पगार सात तारखेच्या आत, आणि धाव शेवटच्या शिट्टीपर्यंत.

मालक म्हणतील, पैसा कुठून आणू? आम्ही म्हणतो, जेवढा आहे तेवढ्याचा करार करा, पण केलेला पाळा. खेळाडू म्हणतील, आमच्यावरच एवढी बंधने का? आम्ही म्हणतो, कारण तुमच्यासाठी भांडायला उभे राहायचे तर आम्हाला तोंड वर करून बोलता आले पाहिजे. महासंघ म्हणेल, हळूहळू होईल. पंधरा वर्षे हळूहळूच चालले होते, आणि २०२५ मध्ये त्याचे फळ साऱ्या देशाने पाहिले.

ज्याला हे पटते त्याने खाली सही करावी आणि येत्या सामन्याला फलक घेऊन यावे.

सरोजिनी नगर, नवी दिल्ली